लेकरांचं इन्स्टा-स्नॅप: आधी खात्यावरची जन्मतारीख बघा

बालाघाटी (बीड जिल्हा)

राम राम मंडळी.

तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही रोजची कामं. पण अलीकडं एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलंय. गर्दी पांगेपर्यंत ते बाजूला उभं राहतं आणि मग हळूच मोबाइल पुढं करतं. "भाऊ, पोरीचा फोटो कुणीतरी इन्स्टावर टाकलाय, तेवढा काढून द्या." मुलाचं काही घेऊन येणारे आईबाप फार थोडे. मुलांना काही होत नसतं असा आपल्याकडं समज आहे. तो साफ खोटा आहे.

अशा वेळी मी आधी लेकराच्या स्वतःच्या खात्यावरची जन्मतारीख उघडतो. बहुतेकदा तिथं भलतंच साल निघतं. कुणी बापाची तारीख टाकलेली असते, कुणी चाक फिरवून जिथं थांबलं ते साल ठेवलेलं असतं. इन्स्टाग्राम काय, स्नॅपचॅट काय, दोन्हीकडं वयाची अट १३ ची. सहावीतल्या पोराला खातं काढायचं तर खोटं साल टाकावंच लागतं, आणि एकदा टाकलं की कंपनीच्या लेखी ते पोरगं पस्तिशीचा बाप्या होतं.

यानं नुकसान काय? इन्स्टाग्रामनं सप्टेंबर २०२४ मध्ये 'टीन अकाउंट' जाहीर केलं, आपल्याकडं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. १८ च्या आतल्यांचं खातं त्यात आपोआप प्रायव्हेट होतं. ज्यांना लेकरू फॉलो करतं किंवा जे आधीपासून जोडलेले आहेत तेवढेच त्याला मेसेज करू शकतात. रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प राहतात. दिवसाचा एक तास भरला की आठवण येते. कुणी उघडा फोटो पाठवलाच तर तो धूसर होऊन येतो. १६ च्या आतल्या लेकराला ही बंधनं सैल करायची असली तर पालकाची परवानगी लागते. यातलं काहीच आपल्याला शोधून चालू करावं लागत नाही, पण कंपनीला खरं वय माहीत असेल तरच. पस्तिशीच्या बाप्याला कोण कशाला संरक्षण देईल?

तारीख दुरुस्त करायची जागा: सेटिंग, मग अकाउंट्स सेंटर, मग वैयक्तिक माहिती. लेकरू १३ च्या खालचं असेल आणि खरी तारीख टाकली तर खातं बंद पडेल. पडू द्या. पोरगं दोन दिवस रुसेल, पण नंतर जुनंच खोटं साल टाकून पुन्हा खातं उघडलं का एवढं मात्र बघत राहा.

इन्स्टाग्रामवरची दुसरी सोय 'फॅमिली सेंटर'ची. त्यात पालक आणि लेकरू यांची खाती जोडता येतात. मागच्या ७ दिवसांत लेकरू कुणाकुणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. वेळेची मर्यादा घालता येते. काही बापांना हे अपुरं वाटतं, त्यांना मेसेजच वाचायचे असतात. माझ्या मते नावं कळली तरी पुरे. अनोळखी नाव दिसलं की "हे कोण रे?" एवढं विचारता येतं.

तुमच्याकडं काय चालतं ते लिहा. लेकरू घरी सांगत का नाही, यावर मला विशेष ऐकायचंय. दुकानात प्रकरण येतं तेव्हा ते महिना-महिना जुनं झालेलं असतं.

---

जुना_मास्तर (परभणी)

बाराव्या वर्षी मोबाइल देणारा बापच मूळ गुन्हेगार आहे. सेटिंग कसली शिकवता? बारावी होईपर्यंत साधा बटणांचा फोन द्या, विषय संपला. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ च्या खालच्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. ते काय येडे आहेत?

---

खडकवाट (जालना)

गुरुजी, तुमचं बरूबर हाय, पर आमच्या तांड्यावर येऊन बगा एकदा. दिवाळी झाली की निम्मी घरं कोयते घिऊन कारखान्याला जात्यात. लेकरं आजीपाशी. मायचं त्वांड दिसतं ते व्हिडिओ कॉलवर. त्यो फोन लेकराच्याच हातात असतो, आजीला त्यो उचलता बी येत नाय. तुम्ही म्हणता काढून घ्या. कसा काढून घ्यावा?

अन् शाळेचा अभ्यास बी आता ग्रुपवरच येतोय.

---

बालाघाटी

@जुना_मास्तर, गुरुजी, ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात दंड कंपन्यांना आहे. मुलांना नाही, आईबापांना नाही. वय तपासायची जबाबदारी त्यांनी कंपन्यांच्या गळ्यात टाकली. आपल्याकडं ती अजून तरी घरच्यांवरच आहे. आणि घरचे कोण, तर खडकवाट म्हणतात तसं कधीकधी सत्तर वर्षांची आजी.

---

गोदाकाठ (नांदेड)

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथं सगळे पालक दिसतायत, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते.

आधी सोपं. खातं एकच असेल असं धरून चालू नका. जे आई, मावशी आणि काकाला दिसतं ते एक. त्यावर दिवाळीची रांगोळी आणि तुळजापूरचं दर्शन. दुसरं मैत्रिणींचं, त्याला नाव भलतंच. त्यात वाईट काही असेलच असं नाही, बहुतेक वेळा नुसती वेडीवाकडी तोंडं आणि मास्तरांची नक्कल असते. पण फॅमिली सेंटरला पहिलं खातं जोडून कुणी निर्धास्त होत असेल तर त्याला काहीच कळलेलं नाही.

स्नॅपचॅटवर 'स्ट्रीक' असते. दोघांनी रोज एकमेकांना स्नॅप, म्हणजे फोटो किंवा व्हिडिओ, पाठवायचे, किती दिवस झाले त्याचा आकडा वाढत जातो, एक दिवस चुकला की आकडा शून्य. परीक्षेत फोन बंद असला की मुली स्ट्रीक सांभाळायला मैत्रिणीला पासवर्ड देतात. पुढं मैत्री तुटते, पासवर्ड तोच राहतो. मी पाहिलेली अर्धी प्रकरणं अशी ओळखीतूनच झाली होती, कुणी परदेशी हॅकर नव्हता.

स्नॅपचॅटवर पाठवलेला फोटो बघून झाला की आपोआप पुसला जातो, यावरही लहान मुलींचा फार विश्वास असतो. स्क्रीनशॉट काढला तर स्नॅपचॅट सांगतं, पण समोरच्यानं दुसऱ्या मोबाइलनं त्या स्क्रीनचा फोटो काढला तर कोण सांगणार? स्नॅपचॅटच्या नकाशावर आपलं ठिकाण दाखवणं चालू केलं असेल तर ते लपवणारा 'घोस्ट मोड' लावा, नाहीतर हॉस्टेल कुठलं, क्लास कुठला, घर कुठलं हे सगळं यादीतल्या लोकांना बसल्या जागी दिसतं.

आता बालाघाटी दादांचा प्रश्न. मुली सांगत का नाहीत.

माझ्यासोबत शाळेत एक मुलगी होती. गॅदरिंगमधला तिचा साधा नऊवारीतला फोटो कुणीतरी उचलला, त्याला घाणेरडं गाणं लावलं आणि नवीन खातं काढून टाकलं. तिनं स्वतःहून आईला सांगितलं. त्यानंतर काय झालं? आधी मोबाइल गेला. मग ट्यूशन गेली. मामा आले, "पोरगी हाताबाहेर चालली" म्हणाले. दहावीचा निकाल लागायच्या आधी तिला बघायला पाहुणे येऊन गेले. ते खातं कुणाचं होतं हे शोधायला मात्र कुणीही गेलं नाही.

वर्गातल्या प्रत्येक मुलीनं हे बघितलं. त्यानंतर ज्या कुणाला काही झालं असेल तिनं घरी तोंड उघडलं असेल असं वाटतं तुम्हाला? धमकी देणाऱ्या पोराला हे पक्कं ठाऊक असतं. त्याची पहिली ओळच असते, "तुझ्या पप्पांना पाठवू का?" त्याला पप्पांच्या रागाचाच आधार आहे. पप्पांनी आधीच सांगून ठेवलं असेल की काहीही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही, तर त्याच्या हातात काय उरलं?

हे सांगायचं ते काही घडायच्या आधी. घडल्यावर सांगून उपयोग नाही, तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

---

मांजराकाठ (लातूर)

गोदाकाठ, वाचून बराच वेळ गप्प बसले. माझी मुलगी नववीत आहे. काल जेवताना तिला हेच सांगितलं, तुझ्याच शब्दांत. तिनं विचारलं, "आणि चूक माझी असली तर?" मी म्हटलं, तरीही. मग लेक म्हणाली, "बाबांना पण हे माहितीय का?" तेव्हा बाबांनाही हाक मारावी लागली.

---

जुना_मास्तर

गोदाकाठ यांच्या लिहिण्यातली ती मुलगी मला ओळखीची वाटली. अशी प्रत्येक शाळेत एखादी असते. फोनबद्दलचं माझं मत कायम आहे, पण सजा कुणाला होते हा मुद्दा मान्य.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

मुलांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं, म्हणून लिहितोय.

चुलत भाऊ लातूरला अकरावी-बारावीच्या क्लाससाठी खोली घेऊन राहायचा. गावाकडचं एकटं पोरगं, दिवसभर टेस्ट, रात्री मोबाइल. एका मुलीची रिक्वेस्ट आली. दोनचार ओळखीचे मित्र तिच्या यादीत होतेच, कारण त्यांनीही अशीच रिक्वेस्ट घेतलेली. चार गोड गोष्टी झाल्या, मग व्हॉट्सअॅपवर ये, मग व्हिडिओ कॉल. समोर मुलगी दिसते, ती आधीच रेकॉर्ड केलेली असते. इकडं याचं रेकॉर्डिंग होतं. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्या फॉलोअर्सची यादी, त्यात बहिणीचं, मावसभावाचं, क्लासच्या सरांचं नाव, आणि खाली रक्कम.

त्यानं मेसचे पैसे पाठवले. तिथंच घात झाला. पैसे देणारा आहे हे कळलं की आकडा वाढतो. नंतर 'सायबर पोलीस अधिकारी' म्हणून एकाचा फोन आला, व्हिडिओ काढून टाकायची फी मागायला. तोही त्यांच्यातलाच. पोरगं खोलीतून बाहेर पडेना, तेव्हा खोलीमालकाच्या बायकोनं आम्हाला फोन केला.

अशा वेळी करायचं ते हे: एक रुपयाही पाठवायचा नाही. चॅट पुसायची नाही. त्या खात्याचं यूजरनेम आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवायची, कारण वर दिसणारं नाव ते घडीघडीला बदलतात. यूपीआयनं पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक घेऊन लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मग रिपोर्ट करून ब्लॉक. पहिल्या तासात केलं तर पैसे मध्येच अडकवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि लेकराला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका. हे मी मुद्दाम लिहितोय.

---

वकीलबाई (छत्रपती संभाजीनगर)

चर्चा चांगली चालू आहे. कायद्याचं थोडं लिहिते, कारण 'पोलिसांत गेलं तर गावभर होईल' ही भीती प्रत्येक पालक बोलून दाखवतो.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा, त्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण बालक, मुलगा असो वा मुलगी. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि तेव्हा गणवेश घालायचा नसतो. कुठल्याही कारणानं मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख उघड होईल असं काही छापणं किंवा दाखवणं गुन्हा आहे. गावोगावी निघालेल्या यूट्यूब चॅनलवाल्यांनाही तो लागू होतो, त्यांना आठवण करून द्या.

मूल लातूरला शिकतंय, गाव परभणी जिल्ह्यात, गुन्हा कुठं नोंदवायचा? कुठल्याही ठाण्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट आहे. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे ऐकून परत फिरू नका. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते. अडचणीतल्या मुलांसाठीची हेल्पलाइन, चाइल्डलाइन १०९८. आणि गोदाकाठ, घरात लग्नाची घाई चालली असेल तरी हाच नंबर.

एक गोष्ट पालकांच्या हातून सर्रास होते. मुलीचा तसला फोटो 'पुरावा' म्हणून मामाला, सरपंचाला, शाळेच्या ग्रुपवर पाठवतात. असं करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली बालकाचं अश्लील चित्र पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरलं तरी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात तर असं साहित्य बाळगणं आणि बघणं यावरही कडक भूमिका घेतली. पोलिसांना मोबाइल दाखवा, लिंक द्या, फोटो कुणालाही फॉरवर्ड करू नका.

मुलग्यांच्या पालकांनी हे नीट वाचावं. वर्गातल्या मुलीचा फोटो 'गंमत' म्हणून पुढं ढकलणारा तुमचा मुलगाही असू शकतो. तो १८ च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जाईल, पण जाईल.

---

बालाघाटी

वकीलबाई, फार मोलाचं लिहिलंत. फोटो काढून टाकण्याबद्दल मी भर घालतो, कारण दुकानात विचारणा त्याचीच होते.

अॅपमधून रिपोर्ट करायचाच. २०२१ चे आयटी नियम आले तेव्हा उघडे किंवा जोडतोड केलेले फोटो संबंधित व्यक्तीच्या तक्रारीनंतर २४ तासांत हटवायचं बंधन त्यांत घातलं होतं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिताना त्या नियमांचा उल्लेख करा. मी तरी करतोच.

दुसरी सोय 'टेक इट डाउन' नावाची. अमेरिकेतली बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारी संस्था ती चालवते, २०२३ पासून, फुकट. १८ च्या आत असताना काढलेल्या उघड्या फोटोंसाठी आहे. आपल्या फोनवरचा फोटो निवडायचा, त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होऊन तिकडं जातो, फोटो फोनमध्येच राहतो. इन्स्टाग्राम, फेसबुक असे जे यात सामील आहेत ते त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून अडवतात. व्हॉट्सअॅपवरच्या खासगी गप्पांत ते चालत नाही, हेही सांगून ठेवतो.

आता आपलं पाप. (गुरुजी, हे तुम्हाला आवडेल.) लेकरांचे फोटो सगळ्यात जास्त कोण टाकतं? आपण. शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो, शर्टावर शाळेचं नाव, मागं घर, दारात उभी गाडी, एमएच २३ सकट पूर्ण नंबर. वाढदिवसाला तारीख आणि वय. अनोळखी माणसाला आणखी काय लागतं? फोटोत लोकेशन लपलेलं असतं म्हणून लोक घाबरतात, पण इन्स्टाग्राम फोटो चढवताना ती माहिती काढून टाकतं. पत्ता सांगतात त्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच.

आणि आता नुसता चेहरा पुरतो. एआयवर चालणारी कपडे उतरवणारी अॅपं आलीत, साध्या ओळखपत्राच्या फोटोवरून घाण तयार होते. त्यामुळं "तू असला फोटो काढलासच कशाला?" हा प्रश्न लेकराला विचारायच्या आधी दहादा थांबा. तिनं काढलेलाच नसेल.

---

मांजराकाठ

यावरून आठवलं. आमच्या गावात निकाल लागला की चौकाचौकात क्लासचे बॅनर लागतात. मुलीचा फोटो, पूर्ण नाव, गाव, टक्के. तेच क्लासच्या इन्स्टा पानावर. मागच्या वर्षी एका मैत्रिणीनं आक्षेप घेतला तर "अहो, कौतुकच आहे ना" असं उत्तर मिळालं. कौतुक नको असं कोण म्हणतंय, पण विचाराल तरी? प्रवेशाच्या फॉर्मवर फोटो वापरायला हरकत नाही अशी ओळ असते, ती कुणी वाचत नाही. आम्ही काही पालकांनी यंदा ती ओळ खोडून सही केली. कुणीही अडवलं नाही.

---

वकीलबाई

उत्तम केलंत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही बालक म्हणजे १८ च्या आतलं, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हे तत्त्व आहेच. नुसतं नाव आणि टक्के छापा म्हणावं, फोटो नको.

---

खडकवाट

बालाघाटी भाऊ, एक इचारायचं हाय. पोरगी आठवीत, चौदावं चालू. तिचं खातं बायकोच्या नंबरावर काढेल हाय. मपल्याकडं इन्स्टा नाय. ते फॅमिली का काय जोडायला मला बी खातं काढावं लागतंय का? अन् तिला न सांगता गुपचूप जोडता येतंय का?

---

बालाघाटी

तुमचं खातं लागेल, दोन मिनिटांचं काम आहे, एकही फोटो टाकायची गरज नाही. गुपचूप होत नाही. तिच्याकडं विनंती जाते आणि तिनं ती मान्य करावी लागते. कारखान्यावर असलात तरी फोनवर सांगून करता येईल. जमलं तर निघायच्या आधी या, बुधवार सोडून, त्या दिवशी आमच्याकडं बाजार असतो. पोरीला संगं आणा, आजीलाही.

---

खडकवाट

आजीला कामून?

---

बालाघाटी

तुम्ही उसात असताना १९३० आणि १०९८ कुणाला लावायचे? तिच्या बटणाच्या फोनमध्ये दोन्ही नंबर टाकून देतो. एक आकडा दाबून धरला की लागतील असे.